कच्च्या सोयाबीनची खोड

वर्धा जिल्ह्यातल्या गिरडला शेख फरीद बाबांच्या दर्ग्याच्या टेकडीवरून उतरले की समुद्रपूर तालुक्याची काळी शिवारे लागतात. कपाशी-तुरीच्या जोडीने तिथे आता सोयाबीनही असते. हे बी कच्चे मानवत नाही. का, याचा शोध घ्यायला आपण 1917 सालच्या अमेरिकेत जाऊ. ऑसबर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी उंदरांना कच्चे सोयाबीन घातले, तर उंदीर वाढेनात. शिजवून घातले, तर वाढले. कारण मात्र हाती लागले नाही; त्यासाठी आधी प्रथिनांची घडण कळायला हवी होती. 1838 मध्ये बर्झेलियसने सुचवलेले ‘प्रोटीन’ हे नाव मुल्डरने रूढ केले, त्याला तोवर जवळपास ऐंशी वर्षे झाली होती. तरी प्रथिनाला काही ठरावीक घडण असते, हे कोणी ठामपणे म्हणत नव्हते. ते 1931 मध्ये पेकिंगच्या वू श्येनने म्हटले: उष्णतेने प्रथिनाची साखळी तुटत नाही, तिची घडी उलगडते. इतका मोलाचा विचार पुढे बराच काळ अडगळीत पडला, हे या इतिहासातले मला सर्वांत खटकणारे पान.

1935 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजी जेवणात सोयाबीनचे प्रयोग करत होते आणि ‘हरिजन’मध्ये त्यांविषयी लिहीत होते. पुढे दहा वर्षांनी कुनिट्झ या शास्त्रज्ञाने सोयाबीनमधल्या खोडकर पदार्थाचे स्फटिक मिळवले. तोही प्रथिनच निघाला! आतड्यात प्रथिने तोडणाऱ्या ट्रिप्सिनलाच तो अडवून धरतो. आपल्या रोजच्या कडधान्यांत असे अडसर किती, हे 1954-55 च्या सुमारास कमला सोहोनी यांनी मुंबईत तपासले. बाई असल्यामुळे सी. व्ही. रामन यांनी 1933 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, तरी हटून तो मिळवणाऱ्या आणि 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेणाऱ्या त्याच या कमलाबाई.

1974 मध्ये क्ष-किरणांच्या आधारे ट्रिप्सिन आणि सोयाबीनमधला त्याचा अडसर ही दोन्ही प्रथिने एकमेकांत अडकलेली दिसली. अडसराच्या एका वळशातले आर्जिनिन हे अमिनो आम्ल ट्रिप्सिनच्या खोबणीत कुलपात किल्ली अडकावी तसे रुतते. आधण दिले की, वू श्येनने म्हटले तसे, घडी उलगडून वळसा मोडतो, पकड सुटते.

आज तेल काढल्यावर उरलेली सोयाबीनची पेंड कारखान्यात वाफेने भाजतात. ती पुरेशी भाजली का, हे युरिया घालून बघतात: सोयाबीनमधले युरिएज हे दुसरे प्रथिन युरिया फोडेनासे झाले, की ट्रिप्सिनचा अडसरही निकामी झाला असे धरतात. भाजणे जास्त झाले, तर पेंडीतले लायसिन हे अमिनो आम्ल वाया जाते.