नॅनो रंगविभाजक (प्रतिमा संवेदक)

नॅनो रंगविभाजक ही कॅमेऱ्याच्या रंगीत प्रतिमा संवेदकावर बसवली जाणारी अतिसूक्ष्म प्रकाशीय रचना होय. नको असलेले रंग शोषून टाकण्याऐवजी ही रचना प्रकाशातील प्रत्येक रंग त्या त्या रंगासाठी नेमलेल्या पिक्सेलकडे वळवते. त्यामुळे प्रचलित रंगगाळणीत वाया जाणारा प्रकाश उपयोगात आणता येतो. या रचनेस कलर राउटर किंवा कलर स्प्लिटर असेही म्हणतात.

पार्श्वभूमी

सिलिकॉनच्या फोटोडायोडला प्रकाश किती आला हे कळते, तो कोणत्या रंगाचा होता हे कळत नाही. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची गाळणी बसवली जाते. ईस्टमन कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी या गाळण्यांची जी मांडणी सुचवली, तिचे अमेरिकी पेटंट 1976 मध्ये मिळाले. तीत चार पिक्सेलच्या प्रत्येक चौकटीत दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा पिक्सेल असतो. आजही बहुतांश डिजिटल कॅमेरे व मोबाइल फोन याच मांडणीवर किंवा तिच्या एखाद्या रूपांतरावर चालतात.

या मांडणीचा दोष तिच्या मुळातच आहे. लाल गाळणी हिरवा व निळा प्रकाश शोषून घेते, हिरवी गाळणी लाल व निळा. पांढऱ्या प्रकाशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग अशा रीतीने फोटोडायोडपर्यंत पोहोचतच नाही. भर उन्हात याने फारसे बिघडत नाही. अंधूक प्रकाशात मात्र हा तोटा थेट प्रतिमेत दिसतो. फोटॉनांच्या आगमनात स्वाभाविक चढउतार असतो आणि तो त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. एखाद्या पिक्सेलला 900 फोटॉन मिळाले तर चढउतार 30 फोटॉनांचा, म्हणजे संकेत त्याच्या 30 पट. फोटॉन 300 च मिळाले तर हे गुणोत्तर सुमारे 17 वर उतरते आणि चित्र दाणेदार दिसू लागते. हे फोटॉन नंतर कोणत्याही संगणकीय प्रक्रियेने परत मिळवता येत नाहीत.

मोबाइलमधील पिक्सेलची रुंदी आता 0.6 मायक्रोमीटरच्याही खाली गेली आहे. लाल प्रकाशाची तरंगलांबीच जवळपास तेवढी असते. त्यामुळे प्रत्येक फोटॉनचे मोल वाढले आहे.

प्रकाश वाया न घालवता रंग वेगळे करण्याची कल्पना जुनी आहे. दूरचित्रवाणीच्या व्यावसायिक कॅमेऱ्यांत लोलक वापरून तीन रंग तीन स्वतंत्र संवेदकांवर पाठवले जात. पण तो लोलक मोबाइलमध्ये मावणारा नव्हे. फोव्हिऑन संवेदकात (सिग्मा एसडी9 कॅमेरा, 2002) तिन्ही रंग सिलिकॉनच्या वेगवेगळ्या खोलीवर टिपले गेले. तेथे रंग एकमेकांत मिसळत. ह्युवावेच्या पी30 प्रो या फोनमध्ये (2019) हिरव्याऐवजी पिवळी गाळणी वापरून अधिक प्रकाश आत घेतला गेला. हा मात्र गाळणीच सैल करण्याचा उपाय झाला.

कार्यपद्धती

रंगविभाजकात सिलिकॉन नायट्राइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड यांसारख्या पारदर्शक, उच्च अपवर्तनांकाच्या पदार्थाचे सूक्ष्म स्तंभ असतात. त्यांची जाडी साधारणपणे काही शे नॅनोमीटर किंवा त्याहून कमी असते व भोवती कमी अपवर्तनांकाचा सिलिकॉन डायऑक्साइड असतो. स्तंभातून जाताना प्रकाशाचा वेग मंदावतो. किती विलंब होईल हे स्तंभाच्या जाडीवर आणि प्रकाशाच्या तरंगलांबीवर अवलंबून असते. निरनिराळ्या जाडीचे स्तंभ योग्य क्रमाने उभे केले, की बाहेर पडणाऱ्या तरंगांच्या व्यतिकरणामुळे लाल प्रकाश एका जागी, तर निळा दुसऱ्या जागी एकवटतो. मोराच्या पिसातील रंगही मुख्यतः सूक्ष्मरचनेमुळेच दिसतात. तेथे निवडक रंग परावर्तित होतो, येथे तो पुढे पाठवला जातो.

लाभाची सैद्धांतिक मर्यादा काढणे सोपे आहे. बायर मांडणीत चौकटीवर पडणाऱ्या लाल प्रकाशापैकी फार तर एक चतुर्थांश टिपला जातो, कारण लाल पिक्सेल चारांत एकच. निळ्याचे तसेच, हिरव्याचा निम्मा. आदर्श विभाजक चारही पिक्सेलवरचा सगळा लाल प्रकाश त्या एका लाल पिक्सेलकडे नेईल. म्हणजे लाल व निळ्याचा लाभ चौपट, हिरव्याचा दुप्पट. प्रत्यक्षातील रचना या मर्यादेच्या बऱ्याच अलीकडे थांबतात.

विकास

पॅनासॉनिकने 2013 मध्ये सूक्ष्म रंगविभाजक जाहीर केले. त्यात पिक्सेलवर शुद्ध रंगाऐवजी पांढरा अधिक लाल, पांढरा उणे लाल अशी मिश्रणे पडत व मूळ रंग गणिताने काढले जात. रंग संवेदनक्षमता सुमारे दुप्पट झाल्याचे कंपनीने सांगितले. युटा विद्यापीठातील पेंग वांग व राजेश मेनन यांनी 2015 मध्ये पारदर्शक विवर्तक गाळणी आणि संगणकीय पुनर्रचना यांची जोड दिली. कॅलटेकमधील आंद्रेई फॅरॉन यांच्या गटाने 2020 मध्ये एका थराऐवजी त्रिमितीय रचना मांडली. तिचा आकार संगणकाने उलट्या दिशेने, म्हणजे हव्या त्या परिणामापासून मागे जात, शोधला होता. बेल्जियममधील आयमेक संस्थेने 2023 मध्ये 300 मिलिमीटर वेफरवर उभ्या तरंगमार्गिकांचे विभाजक सादर केले. सॅमसंगने आयसोसेल जेएनपी या संवेदकात 'नॅनोप्रिझम' वापरला असून त्याने प्रकाशसंवेदनक्षमता 25 टक्के वाढल्याचा तिचा दावा आहे. प्रयोगशाळेतील दुप्पट-तिप्पट आकड्यांपुढे हा आकडा लहान वाटतो. पण तो बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तूचा आहे.

मर्यादा

सर्वांत मोठी अडचण प्रकाशाच्या कोनाची आहे. बहुतेक रचना सरळ वरून येणाऱ्या प्रकाशासाठी आखलेल्या असतात, तर एफ/1.8 भिंगातून प्रकाश मध्यबिंदूवरही दोन्ही बाजूंना सुमारे 16 अंशांपर्यंत तिरपा येतो. संवेदकाच्या कडेला तो याहून तिरका असतो. तिरपा प्रकाश शेजारच्या पिक्सेलमध्ये गेला, की रंग मिसळतात. म्हणून कडेकडे जाताना स्तंभांची जागा व आकार बदलत न्यावा लागतो.

रंगांच्या मिसळीची किंमतही मोजावी लागते. रंग शुद्ध करताना एका पिक्सेलच्या संकेतातून दुसऱ्याचा अंश वजा केला जातो. या वजाबाकीत संकेत घटतो, चढउतार मात्र वाढतो. विभाजक ढिसाळ असेल तर अधिक प्रकाशातून मिळवलेले येथे गमावले जाते. केवळ 'इतके पट प्रकाश' या आकड्यावरून संवेदकाची तुलना करणे म्हणूनच फसवे ठरते. काही उत्पादनांत विभाजकाखाली सौम्य रंगगाळणीही ठेवली जाते. शिवाय लाल प्रकाश मोठ्या क्षेत्रातून गोळा होत असल्याने त्या रंगातील बारीक तपशील किंचित पुसट होतो.

उत्पादनात स्तंभांची जाडी काही नॅनोमीटरने चुकली तरी रंग सरकतो. प्रयोगासाठी असे स्तंभ इलेक्ट्रॉन किरणांनी कोरता येतात. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या नॅनोफॅब्रिकेशन केंद्रात ही सोय असून केंद्र शासनाच्या योजनेतून अन्य संस्थांतील संशोधकांनाही तेथे काम करता येते. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनासाठी मात्र ही पद्धत फार संथ आहे. तेथे प्रकाशीय लिथोग्राफीच लागते.