सोलापूरचा १९३० चा जनउठाव : कारणमीमांसा

प्रस्तावना

मे १९३० मध्ये सोलापूर शहरातील ब्रिटिश प्रशासन काही दिवस कोलमडून पडले होते. शासनाच्या लेखी ही दंगल होती. दुसरीकडे, महात्मा गांधींच्या अटकेची उत्स्फूर्त प्रतिक्रिया म्हणून तिचा उल्लेख केला जातो. या दोन्ही वर्णनांतून उठावाचे निमित्त कळते, कारण कळत नाही. रशियातील झारशाहीविरोधी उठावांशी तुलना केल्यास ते कारण अधिक स्पष्ट होते.

झारशाहीचा अनुभव

२२ जानेवारी १९०५ रोजी सेंट पीटर्सबर्गमधील कामगार फादर गॅपन यांच्या नेतृत्वाखाली झारकडे विनंतीअर्ज घेऊन निघाले. त्यांच्या हाती धर्मचित्रे व झारच्या तसबिरी होत्या. सैन्याने त्यांच्यावर गोळीबार केला. अपुरे वेतन व कामाचे प्रदीर्घ तास ही दुःखे जुनीच होती. परंतु झार हा प्रजेचा पालक आहे, या श्रद्धेला त्या दिवशी तडा गेला. १९०६ मध्ये ड्यूमा अस्तित्वात आली, तरी ती विसर्जित करण्याचा अधिकार झारकडेच राहिला. १९१७ मध्ये युद्ध व पावटंचाईने राजधानी पेटली, तेव्हा सैनिकही जनतेस मिळाले. दारिद्र्याने असंतोष साचतो. गाऱ्हाणे मांडण्याची वाट बंद झाली की त्याचे उठावात रूपांतर होते.

सोलापूरची पार्श्वभूमी

१८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि दुष्काळी खेड्यांतील माणसे शहरात आली. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणारा श्रमिकवर्ग येथे एकत्र नांदू लागला. ‘गुन्हेगार जमाती’ ठरवून सेटलमेंटच्या कुंपणात डांबलेल्या कुटुंबांचे श्रमही गिरण्यांनी वापरले. हजेरी व परवान्याच्या जाचात जगणाऱ्या या माणसांना राज्यसत्तेचे स्वरूप ग्रंथांतून समजून घ्यावे लागले नाही. १९२० व १९२८ मधील संपांनी कामगारांना संघटनेचे शिक्षण दिले. त्यातच जागतिक मंदीचे सावट पडले.

शिक्षित व व्यापारी वर्गाची कोंडी राजकीय होती. ६ एप्रिल १९३० रोजी नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला. लोकनियुक्त संस्थेने व्यक्त केलेली ही आकांक्षा परकीय सत्तेला मान्य होणे शक्य नव्हते. गिरणीतील वेतनाचा प्रश्न आणि नगरपालिकेवरील ध्वजाचा प्रश्न अशा रीतीने एकाच सत्तेसमोर येऊन ठेपले.

उठाव व दडपशाही

५ मे रोजी गांधीजींच्या अटकेची वार्ता येताच शहरात हरताळ झाला व गिरण्या थांबल्या. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडून आबकारी धोरणाचा निषेध करण्यात आला. त्यानंतरच्या अटका व गोळीबारामुळे लोकक्षोभ अनावर झाला. त्या गोळीबारात तरुण शंकर शिवदारे हुतात्मा झाला. न्यायालयाची इमारत जाळण्यात आली. काही पोलीस मारले गेले. पोलीस शहरातून हटले आणि काँग्रेसचे स्वयंसेवक व्यवस्था पाहू लागले.

१२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. तो ३० जूनपर्यंत टिकला. या काळात राष्ट्रध्वज बाळगणे व गांधी टोपी घालणे हेही दंडनीय ठरले. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आले. या चार नावांतच उठावाचा बहुसमाजी पाया दिसतो. भिन्न जाती-धर्मांच्या माणसांना एकत्र आणणारा असंतोष केवळ एका दिवसाच्या क्षोभातून निर्माण होत नाही.

निष्कर्ष

दोन्ही ठिकाणी विनंती आणि निदर्शने यांना गोळीबाराने उत्तर मिळाले. फरक निर्णायक ठरला तो सैन्याच्या बाबतीत. पेट्रोग्राडमध्ये सैनिक जनतेच्या बाजूस वळले व १५ मार्च १९१७ रोजी झार निकोलस दुसरा याने पदत्याग केला. सोलापुरात लष्कर सत्तेशी एकनिष्ठ राहिले. तसेच एका शहराचा उठाव साम्राज्याच्या बळापुढे एकाकी होता. म्हणून सोलापूरचे यश अल्पजीवी ठरले. परंतु त्याची कारणे अल्पजीवी नव्हती. दंगल हा शब्द त्या कारणांवर पडदा टाकतो. इतिहासलेखनाने तो दूर करणे आवश्यक आहे.