वसईचे करुणागृह

जयनगरात संसार थाटलेल्या आम्हा मराठी नोकरदारांची रजा बहुधा मुंबई-पुण्यातच सरते. या खेपेस थोडे पुढे जाऊन आम्ही वसईचा किल्ला पाहिला. आत शिरताच चिमाजी अप्पांची मोहीम बोलण्यात यावी हे ओघानेच आले: सुरुंगांनी उडवलेला बुरूज, आणि येथून जाऊन मेणवलीला व नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेल्या घंटा. ते सारे आम्हांस पाठ होते. ठाऊक नव्हती ती ‘मिझेरिकॉर्दिया’.

हे लिस्बनमध्ये १४९८ साली राणी लिओनोरच्या आश्रयाने निघालेले बंधुमंडळ. पाद्र्यांचे नव्हे, गृहस्थांचे. भुकेल्यास अन्न, रुग्णाची शुश्रूषा, मृताचे दफन अशी चौदा दयाकर्मे त्याने व्रत म्हणून पत्करली होती. फाशी जाणाऱ्यास वधस्थानापर्यंत सोबत करणे हेही त्याचेच काम. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या इतर ठाण्यांप्रमाणे येथेही हे मंडळ आले. त्याचे प्रार्थनामंदिर व लगतचे रुग्णालय म्हणून आज दाखवतात त्या उघड्या आभाळाखालच्या भिंती.

आम्हांस विशेष जवळची वाटली ती या मंडळाची एक रीत. पूर्वेकडे आलेला शिपाई किंवा अंमलदार आप्तांवाचून वारला, तर त्याची मालमत्ता गोव्याच्या मिझेरिकॉर्दियामार्फत स्वदेशीच्या वारसांकडे पोहोचती होई. आणि मधला समुद्रप्रवास सहा-सहा महिन्यांचा! परमुलखात आजारी पडलेल्या माणसाला औषधाआधी कोणती काळजी ग्रासते, हे आम्हा बदलीच्या लोकांना कोणी सांगायला नको.

मात्र या करुणेला कुंपण होते. बंधूंमध्ये कुलीन आणि कारागीर असे दोन वर्ग असत, आणि सभासदत्वाला ‘रक्तशुद्धी’ची अट होती. (आपल्या पंक्तींचा इतिहास स्मरला म्हणजे नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.) गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन चालवणारी सत्ताही हीच. एका राजवटीचे हे दोन हात; एक पाहून दुसरा विसरणे आम्हांस जमले नाही.

१७३९ च्या मे महिन्यात वसई पडली. तहानुसार पोर्तुगीज गलबतांतून निघून गेले, त्यांबरोबर मंडळाचे येथले कार्यही आटोपले. मागे राहिले ते भोवतालच्या गावांतले ख्रिस्ती शेतकरी, ज्यांना त्या कुलीनांच्या ओळीत जागा मिळणे कठीणच होते. त्यांच्या धर्माचरणास तहाने मुभा दिली होती. त्यांचे वंशज घरात मराठीच्याच बोली बोलतात. रुग्णालयाची जागा आम्हांस दाखवली तीही त्यांच्यातल्याच एका वृद्ध गृहस्थांनी.