दक्षिणेतील पंचधातूच्या उत्सवमूर्ती

तामिळनाडूतील देवळांत गाभाऱ्यातील मूळमूर्ती बहुधा पाषाणाची असून ती जागची हलत नाही. उत्सवात पालखीतून वा रथातून भक्तांच्या भेटीस निघते ती धातूची उत्सवमूर्ती होय. चोळ राजांच्या काळी ही कला कळसास पोहोचली. दहाव्या शतकात राणी सेंबियन महादेवी हिने वैधव्यात अनेक देवळे बांधविली व मूर्ती अर्पण केल्या.

कुंभकोणमजवळील स्वामीमलै येथील स्थपती आजही जुन्याच रीतीने मूर्ती ओततात. प्रथम मेणाची मूर्ती घडवून तिच्यावर कावेरीकाठच्या मातीचे लेप देतात. साचा तापविला की मेण वितळून वाहून जाते व त्या पोकळीत धातूचा रस ओततात. तो निवाल्यावर साचा फोडावाच लागतो. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते.

परचक्राच्या काळी अशा कित्येक मूर्ती जमिनीत पुरून वाचविल्या गेल्या. १९७६ साली तंजावर भागातील पत्तूर येथे एका मजुरास नटराज सापडला. पण तो चोरवाटेने लंडनला गेला. तेथील कोर्टात लढून १९९१ साली तो परत आणावा लागला. श्रीपुरंदानचा चोरीस गेलेला नटराज २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने विकत घेतला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेत जुनी छायाचित्रे जपलेली होती, त्यांवरून ओळख पटली व २०१४ साली देव मायदेशी आला.

जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येक गावाने यातून बोध घ्यावा. कळस चढविताना देवाचे छायाचित्र, उंची व वजन यांची नोंद दप्तरी ठेवावी. देव आपला म्हणण्यास श्रद्धा पुरते. परक्या दारी ते सिद्ध करण्यास कागद लागतो.