विद्यार्थी-प्रतिसाद
अध्यापन कसे चालले आहे, काय समजले आणि कुठे अडले, याविषयी विद्यार्थ्यांकडून पद्धतशीरपणे मिळवलेली माहिती म्हणजे विद्यार्थी-प्रतिसाद. तो दोन कारणांसाठी घेतला जातो : शिक्षकाचे मूल्यमापन करण्यासाठी आणि चालू अध्यापन सुधारण्यासाठी. बहुतेक संस्था एकाच प्रश्नावलीवर ही दोन्ही कामे भागवतात. आजवरचे संशोधन पाहता पहिल्या कामासाठी हे साधन कच्चे ठरते, तर दुसऱ्यासाठी ते योग्य रीतीने वापरल्यास चांगले उपयोगी पडते.

मूल्यमापनाची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी १९२०च्या दशकात शिक्षकांसाठी गुणांकनश्रेणी तयार केली. भारतात उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करण्यासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅक’ने २०१७च्या सुधारित मूल्यांकन-आराखड्यात विद्यार्थी-समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला, त्यामुळे महाराष्ट्रातील महाविद्यालयांनाही ते परिचित झाले. मात्र अशा गुणांचा प्रत्यक्ष शिकण्याशी किती संबंध असतो, यावर मतभेद आहेत. पीटर कोहेन यांच्या १९८१च्या संकलित विश्लेषणात मध्यम प्रतीचा संबंध आढळला होता. बॉब उटल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये फेरतपासणी केली, तेव्हा लहान नमुन्यांच्या अभ्यासांमुळे तो फुगलेला दिसत होता आणि प्रत्यक्षात नगण्य होता, असे निष्पन्न झाले. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉ. फॉक्स’ प्रयोगात एका नटाने विद्वानाच्या आविर्भावात पोकळ व्याख्यान दिले, तरी श्रोत्यांनी त्याला चांगले गुण दिले. २०१५च्या एका प्रयोगात ऑनलाइन वर्गातील शिक्षकांची नावे अदलून-बदलून दिली असता, पुरुषाचे नाव लावलेल्या शिक्षकाला अधिक गुण मिळाले. टोरंटोच्या रायरसन विद्यापीठातील वादात २०१८ मध्ये लवादाने अशा सर्वेक्षणांवरून बढतीसाठी अध्यापनाची परिणामकारकता मोजण्यास मनाई केली.

यावरून प्रतिसादच नको, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. कोहेन यांच्याच १९८० च्या विश्लेषणानुसार सत्राच्या मध्यावर मिळालेल्या प्रतिसादाने पुढील अध्यापन काही प्रमाणात सुधारते. त्यावर अनुभवी सल्लागाराशी चर्चा झाली, तर सुधारणा बरीच अधिक होते. केवळ आकडे हाती पडल्याने काय बदलायचे ते कळत नाही. म्हणूनच तासाच्या शेवटी ‘आज काय शिकलात आणि काय उलगडले नाही’ हे दोन ओळींत लिहून घेणे, किंवा शिक्षक बाहेर असताना त्रयस्थाने विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांशी बोलून एकमताचे मुद्दे शिक्षकापर्यंत पोहोचवणे, अशा पद्धती रूढ झाल्या. त्यांत माहिती ठोस असते आणि तिचा लाभ ती देणाऱ्या वर्गालाच मिळतो. सत्रान्ती भरलेल्या अर्जाचा फायदा झालाच तर पुढच्या तुकडीला होतो. साहजिकच अर्ज भरणे हा उपचार बनतो.

विद्यार्थ्याला विषयच येत नसतो, मग त्याला शिकवण्यातले काय कळणार, हा आक्षेप निराधार नाही. हार्वर्डमधील भौतिकीच्या वर्गांवरील २०१९च्या अभ्यासात स्वतः प्रश्न सोडवत शिकलेले विद्यार्थी चाचणीत सरस ठरले, पण त्यांना आपण कमी शिकलो असे वाटत होते. म्हणजे कष्टाचे शिक्षण आणि समाधान यांची फारकत होऊ शकते. तथापि हा दोष प्रश्नांचा आहे. ‘शिक्षक किती विद्वान आहेत’ किंवा ‘तुम्ही किती शिकलात’ याचा निवाडा विद्यार्थ्याकडून मागू नये. उदाहरण कुठे सुटले, फळा दिसतो का, वेग झेपतो का, गृहपाठ तपासून कधी मिळतो, हे तोच सांगू शकतो. शिकणे किती झाले, ते चाचणीने तपासावे. गुण कापले जातील या भीतीने विद्यार्थी खरे लिहीत नाहीत, हा दुसरा आक्षेप लहान वर्गात विशेष लागू पडतो. तेथे निनावी कागदापेक्षा त्रयस्थाची मध्यस्थी अधिक विश्वासार्ह ठरते. शिक्षकालाही अशीच भीती असते : प्रतिसादाचे गुण वेतनवाढीला जोडले, तर अवघड भाग वगळण्याचा व सढळ गुण देण्याचा मोह होतो. म्हणून सुधारणेसाठी घेतलेला प्रतिसाद सेवापुस्तकापासून दूर, शिक्षकाच्याच हाती ठेवावा. आणि त्यातील कोणत्या सूचना स्वीकारल्या, कोणत्या नाकारल्या व का, हे शिक्षकाने पुढच्याच तासाला वर्गाला सांगावे.