आठवण ठेवणारी भिंत

इमारतीच्या एका भागातील आग दुसऱ्या भागात पसरू नये म्हणून बांधलेल्या भिंतीला इंग्रजीत ‘फायरवॉल’ म्हणतात. संगणकांच्या जाळ्यालाही अशा भिंतीची गरज आहे, हे २ नोव्हेंबर १९८८ रोजी जगाला उमगले. त्या दिवशी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने, तत्कालीन अंदाजानुसार, इंटरनेटवरील ६०,००० संगणकांपैकी सुमारे ६,००० संगणक ग्रासले.

पहिल्या पिढीची फायरवॉल हा एक साधा पहारेकरी होता. माहितीचे प्रत्येक पाकीट कोठून आले, कोठे आणि कोणत्या पोर्टवर चालले आहे, एवढेच तो नियमांच्या यादीशी ताडून पाही. त्याला स्मृती नव्हती. आतल्या संगणकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत आले, तरी ते त्याच्या लेखी अनोळखीच असे. १९९४ मध्ये इस्रायलमधील चेक पॉइंट कंपनीच्या फायरवॉलने ही उणीव भरून काढणारी पद्धत बाजारात आणली. कोणता संवाद कोणी सुरू केला, याची नोंद ती ठेवू लागली आणि त्याच संवादातील उत्तराला वाट देऊ लागली.

भारतात १९८६ मध्ये सुरू झालेले ‘अर्नेट’ हे शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांपुरते जाळे होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. २०१४ मध्ये केंद्र सरकारचा ‘मेघराज’ हा राष्ट्रीय क्लाउड आला आणि २०१६ मध्ये ॲमेझॉनची क्लाउड केंद्रे मुंबईत सुरू झाली.

या क्लाउडमध्ये फायरवॉलच्या दोन्ही पिढ्या आजही शेजारी नांदतात. ॲमेझॉनच्या व्यवस्थेत सर्व्हरजवळचा ‘सिक्युरिटी ग्रुप’ संवाद लक्षात ठेवतो. जाळ्याच्या उपविभागावरील ‘नेटवर्क एसीएल’ मात्र ठेवत नाही. समजा, ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर आत येण्याची परवानगी दिली. विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचते. उत्तर मात्र मागणाऱ्याच्या तात्पुरत्या पोर्टकडे, म्हणजे सामान्यतः १०२४ ते ६५५३५ यांतील एखाद्याकडे, निघते. एसीएलमध्ये बाहेर जाण्याचा तसा नियम नसेल, तर ते उंबरठ्यावरच नाहीसे होते. शिवाय तेथील नियम लहान क्रमांकापासून वाचले जातात आणि लागू पडणारा पहिला नियमच निर्णायक ठरतो. वरच्या एका नकारापुढे खालच्या दहा परवानग्या व्यर्थ ठरतात.

म्हणून निदानाची सुरुवात लक्षणांपासून करावी. संपर्क तत्काळ नाकारला गेला, तर बहुधा पाकीट सर्व्हरपर्यंत पोहोचलेले असते, पण त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नसते. दीर्घ प्रतीक्षेनंतर केवळ ‘टाइमआउट’ आला, तर वाटेत एखाद्या नियमाने पाकीट गुपचूप टाकून दिल्याचा संशय घ्यावा. मग दोन्ही दिशांचे नियम क्रमाने वाचावेत आणि नोंदींशी ताडून पाहावेत.

अशा वेळी घाईने ०.०.०.०/० असे लिहून साऱ्या जगाला सारी दारे खुली करण्याचा मोह होतो. सेवा क्षणात सुरू होते. पण तो ‘तात्पुरता’ नियम काढायचा राहून गेला, की १९८८ पूर्वीचे कुंपणाविना जग आपणच परत आणतो.

२८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ने देशातील संस्थांना आपल्या संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपण्याचा आदेश दिला. त्या नोंदींवरून कोणते पाकीट अडले ते समजते. नियम का लिहिला होता, हे मात्र यंत्र सांगत नाही. ते कारण नियमाशेजारीच लिहून ठेवणे हे माणसाचे काम आहे.