मोटारीच्या पहिल्या झटक्याचा इतिहास

किल्ली फिरवावी किंवा कळ दाबावी, कीं मोटारीचें एंजिन घुरघुरूं लागावें, हें आज इतकें स्वाभाविक वाटतें कीं त्यामागें कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि कोणास येत नाहीं. ती येते एखाद्या दिवशीं सकाळीं, जेव्हां कचेरीची वेळ होत आलेली असते आणि जुनी गाडी एकदांच ‘टक्’ असा आवाज करून गप्प बसते. मग शेजारच्या बिऱ्हाडांतील मंडळी धक्का मारावयास येतात. कोणी बॅटरीवर ठपका ठेवतो, कोणी प्लगवर. आणि बहुधा नवी बॅटरी विकत घेऊन प्रकरण मिटविलें जातें. तीन आठवड्यांनीं तोच ‘टक्’ पुन्हां ऐकूं येतो. त्याचें मूळ शोधावयाचें तर १९११ सालच्या अमेरिकेंत, किंबहुना त्याच्याहि थोडें मागें, जावें लागतें.

पेट्रोलच्या एंजिनांत एक उपजत उणीव आहे. वाफेच्या एंजिनाला बाष्पपात्रांतील दाब मिळाला कीं तें जागच्या जागीं हलूं लागतें. पेट्रोलच्या एंजिनाला मात्र आधीं हवा व पेट्रोल यांचें मिश्रण आंत ओढून घ्यावें लागतें, तें दाबावें लागतें, आणि मगच ठिणगी पडून स्फोट होतो. म्हणजे स्वतः फिरूं लागण्यापूर्वीं त्याला कोणी तरी फिरविलें पाहिजे. मोटारीच्या जन्मापासून जवळजवळ पंचवीस वर्षें हें काम मनुष्याच्या हातानें केलें. गाडीच्या तोंडाशीं लोखंडी हँडल अडकवावयाचें आणि जोर लावून तें फिरवावयाचें. ठिणगी वेळेपूर्वीं पडली, म्हणजे दट्ट्या वर पोंचण्याच्या आधींच स्फोट झाला, तर एंजिन उलट दिशेला उसळे आणि तेंच हँडल फिरविणाऱ्याच्या मनगटावर आदळे. मनगटाजवळील हाडाच्या एका विशिष्ट मोडीला शस्त्रवैद्यांनीं शोफरचेंच नांव दिलें, यावरून हा प्रकार किती नित्याचा होता हें दिसून येतें. जाणते शोफर नवशिक्याला पहिला धडा देत तो अंगठ्याचा. अंगठा हँडलाभोंवतीं मुठीसारखा गुंडाळूं नये, तो बोटांच्याच बाजूस ठेवावा. आणि हँडल खालून वर ओढावें, वरून खालीं दाबूं नये.

फोर्ड कंपनीची प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक निघाली. तिच्या सुकाणूचक्राखालील डाव्या हाताची दांडी वर सारून, ठिणगी उशिरा पडेल अशी तजवीज केल्याशिवाय हँडलाला हात लावणें म्हणजे हाडवैद्याची वाट धरणें होतें. थंड मुलुखांत हिवाळ्यांत तेल इतकें घट्ट होई कीं क्लच नीट सुटत नसे, आणि एंजिन सुरू होतांच गाडी समोर उभ्या असलेल्या मालकाच्याच अंगावर सरकूं लागे. म्हणून कित्येक जण मागचें एक चाक जॅकवर उचलीत व मगच हँडल मारीत.

या त्रासांतून सुटण्यासाठीं दाबलेली हवा, ॲसिटिलीन वायु, स्प्रिंगा असे अनेक उपाय करून पाहण्यांत आले. कोणताच सर्वत्र रुजला नाहीं. दुसरीकडे विजेवर चालणाऱ्या मोटारी त्याच काळांत शहरांतून फिरत होत्या. त्यांना हँडल नव्हतें, धूर नव्हता, आवाज नव्हता. म्हणून त्यांच्या जाहिराती विशेषेंकरून स्त्रियांना उद्देशून असत. पेट्रोलच्या मोटारीनें ज्यांचें नांव जगभर केलें त्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा या स्वतः ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही विजेची गाडी चालवीत, ही गोष्ट पुष्कळ कांहीं सांगून जाते.

कॅडिलॅक कारखान्याचे प्रमुख हेन्री लीलंड यांच्या मनाला हा प्रश्न लागून राहिला, त्यामागें एक करुण कथा सांगितली जाते. बायरन कार्टर नांवाचे एक मोटार-उत्पादक एका बाईची रस्त्यांत बंद पडलेली गाडी सुरू करून देण्यास गेले. हँडल उलटून त्यांच्या जबड्यावर बसलें आणि त्या दुखण्यांतून ते उठले नाहींत. कार्टर १९०८ सालीं वारले हें खरें; परंतु कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, आणि तिला मागाहून बराच मीठमसाला लागला असावा. तें कसेंहि असो, लीलंड यांना उपाय मिळाला तो ओहायओ संस्थानांतील डेटन शहरच्या चार्ल्स केटरिंग यांजकडून. केटरिंग यांनीं नॅशनल कॅश रजिस्टर कंपनींत असतांना दुकानांतील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसविली होती. पुढें एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनीं ‘डेल्को’ ही संस्था काढली; तिची पहिली कार्यशाळा म्हणजे डीड्स यांच्या घराच्या आवारांतील कोठार.

एंजिन फिरविण्याजोगी विजेची मोटर करावयाची तर ती एंजिनाएवढीच अवजड होईल, असें तज्ज्ञांचें म्हणणें होतें. अखंड चालावयाच्या मोटरीपुरतें तें बरोबरहि होतें. पण गल्ल्याच्या यंत्रानें केटरिंग यांना निराळाच धडा दिला होता. तेथील मोटर क्षणभर फिरे, आणि पुढचें गिऱ्हाईक येईपर्यंत स्वस्थ बसे. लहानशा मोटरीवर तिच्या ताकदीबाहेरचा भार घातला तरी, तो थोडे सेकंदच असेल तर, ती जळत नाहीं. तापते आणि मग निवते. एंजिनालाहि इतकेंच हवें असतें. फेब्रुवारी १९११ मध्यें हा स्टार्टर कॅडिलॅक गाडीवर बसविण्यांत आला, व १९१२ च्या नमुन्याच्या कॅडिलॅक गाड्या तो घेऊनच कारखान्यांतून बाहेर पडूं लागल्या. विजेच्या स्टार्टरची कल्पना याआधींहि कांहींनीं मांडली होती. परंतु एकाच यंत्रानें प्रथम एंजिन फिरवावें, एंजिन चालूं झालें कीं त्याच यंत्रानें उलट वीज निर्माण करून बॅटरी भरावी, आणि त्या बॅटरीवर दिवे व ठिणगी हीं दोन्हीं चालावीं, ही सबंध सांखळी जमविण्याचें श्रेय केटरिंग यांचेंच.

या शोधानें विजेच्या मोटारीचाच बाजार उठविला, हा दैवाचा विचित्र खेळ म्हणावयाचा. किंमत आणि पल्ला या दोन बाबतींत ती मागें पडतच होती. हँडल नसणें हा तिचा मोठा गुण उरला होता, आणि तोहि पेट्रोलच्या गाडीनें विजेचीच मोटर व विजेचीच बॅटरी पोटांत घेऊन हिरावून घेतला. मॉडेल टी गाडीला मात्र विजेचा स्टार्टर मिळण्यास १९१९ साल उजाडलें.

केटरिंग यांच्या सौद्याला दुसरीहि बाजू होती. मोटर लहान ठेवावयाची, तर त्या थोड्या सेकंदांत तिला प्रवाह मात्र प्रचंड द्यावा लागतो. कांहीं अँपियरांवर गाडीचा दिवा सुखानें जळतो, पण स्टार्टर शेंकडों अँपियर मागतो. हें ओझें शिशाच्या बॅटरीवर पडलें. ती फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यांनीं १८५९ सालीं शोधली होती आणि कामिय फोर यांनीं १८८१ मध्यें पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तिची शक्ति वाढविली होती. पातळ गंधकाम्लांत एकाआड एक उभ्या केलेल्या शिशाच्या व शिशाच्या डायॉक्साइडच्या पट्ट्या, एवढीच तिची रचना. वीज बाहेर पडते तसतसें दोन्ही पट्ट्यांवर शिशाचें सल्फेट जमतें व आम्ल पातळ होतें. उलट वीज भरली कीं सल्फेट जातें व आम्ल पुन्हां तीव्र होतें. परंतु अर्धवट रिकामी बॅटरी महिनोन् महिने तशीच पडूं दिली, तर तें सल्फेट कठिण होऊन बसतें आणि मग कितीहि वीज भरली तरी पुरतें हटत नाहीं. सुट्टींत दोन महिने झाकून ठेविलेल्या गाडीची बॅटरी मरते ती यामुळें.

बॅटरी धडधाकट असूनहि गाडी उठत नाहीं, याचें कारण मात्र बहुधा सांध्यांत असतें. याचा हिशेब साधा आहे. सहा व्होल्टांच्या जुन्या गाडींत स्टार्टर दोनशें अँपियर घेत आहे व बॅटरीच्या टोंकाशीं गंजामुळें ओहमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा निर्माण झाला आहे, असें समजा. त्या एका सांध्यांतच दोन व्होल्ट खर्ची पडतात, म्हणजे एक तृतीयांश जोर गेला. तोच सांधा सहा अँपियरांच्या दिव्याला एका व्होल्टाच्या सोळाव्या भागाइतकाहि नडत नाहीं. ‘दिवे चांगले लागतात, तेव्हां तारा ठीक आहेत’ असें जें छातीठोकपणें सांगितलें जातें, तें म्हणूनच फसवें असतें. बारा व्होल्टांच्या गाडींत तेवढ्याच कामाला शंभर अँपियर पुरतात, नुकसान एकच व्होल्ट होतें, आणि तें बारांतून वजा होतें. अमेरिकन कारखाने १९५५ च्या सुमारास सहावरून बारा व्होल्टांकडे वळले, त्याचें एक कारण हेंच. त्या वेळचीं मोठीं, अधिक दाबाचीं एंजिनें सहा व्होल्टांना आवरेनाशीं झालीं होतीं.

तेव्हां जुन्या गाडीचा रोग ओळखण्यासाठीं पुढचे दिवे लावून स्टार्टरची कळ दाबावी आणि दिव्यांकडे पाहावें. दिवे विझावयास आले तर बॅटरी रिकामी आहे, किंवा दिवे व स्टार्टर यांच्या समाईक वाटेंतील सांधा सैल अथवा गंजलेला आहे. दिवे तसेच लख्ख राहिले व एंजिन हललें नाहीं, तर प्रवाह स्टार्टरपर्यंत पोंचतच नाहीं. दोष कळींत, तिच्या पुढच्या तारेंत किंवा खुद्द स्टार्टरमध्यें शोधावा. स्टार्टर नुसताच सूं सूं फिरला, तर त्याचें लहान दांतेरी चाक मोठ्या चाकांत अडकत नाहीं. तेथें बॅटरी बदलून उपयोग काय? आणि एंजिन जोमानें फिरूनहि पेट घेत नसेल, तर गाऱ्हाणें ठिणगीचें किंवा पेट्रोलचें आहे. ज्या बॅटरीचीं बुचें उघडतां येतात तिच्या आम्लाची घनता मोजावी. भरलेल्या घटांत ती १.२७ च्या आसपास असते. एकाच घटाची घनता इतरांहून फार खालीं असेल तर मात्र बॅटरीवाल्याकडे जाणें आलें.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें तें एंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणाऱ्या जाड पट्टीकडे. एंजिन रबराच्या बैठकींवर बसलेलें असतें आणि रबरांतून वीज जात नाहीं. ही पट्टी तुटली किंवा रंगाखालीं गंजली, कीं परतीचा प्रवाह मिळेल त्या वाटेनें धांवतो. कित्येकदां ती वाट म्हणजे चोकची बारीक तार असते. स्टार्टर दाबतांच चोकची मूठ तापूं लागली, तर निदानाला आणखी पुराव्याची जरुरी नाहीं.

जुन्या डायनॅमोचा स्वभावहि लक्षांत घ्यावा लागतो. एंजिन मंद फिरत असतांना तो जवळजवळ कांहींच देत नाहीं. मुंबईसारख्या शहरांत रात्रीं दिवे लावून गर्दींतून रांगत जाणारी जुनी गाडी घरीं येते तेव्हां निघतांना होती त्याहून गरीब झालेली असते. १९६० सालीं क्राइसलर कंपनीनें आपल्या ‘व्हॅलियंट’ गाडीला आल्टरनेटर दिला, व पुढें सर्वांनींच तो स्वीकारला. तो मंद गतीलाहि वीज देतो. त्याला स्वतःला जागें होण्यास मात्र बॅटरींतील थोडी तरी वीज लागते, म्हणून बॅटरी ठार झालेली असेल तर अशा गाडीला गल्लीभर धक्का मारूनहि घाम तेवढा निघतो. मॅग्नेटोवर चालणाऱ्या गाड्यांना ही अडचण नव्हती. स्टार्टर आल्यावरहि कित्येक कारखान्यांनीं बंपरमधलें हँडलाचें भोंक दीर्घकाळ बुजविलें नाहीं. फ्रान्सची ‘सिट्रोएन २ सीव्ही’ १९९० सालीं बंद झाली तोंवर हँडल मारून चालूं करतां येत असे, आणि तिच्याहि मालकाला अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा लागे.